खरवड्यांचे चार खिळे

खरवडे जेवायला बसले की आधी सगळी भाजी संपवायचे. मग नुसत्या पोळ्या. मग वाटीभर वरण पिऊन टाकायचे आणि शेवटी कोरडा भात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अहो, पोळी भाजीबरोबर खायची असते."

ते म्हणाले, "माहीत आहे काकू. भाजीत मीठ कमी आहे."

एवढंच. मला राग आला, पण मीठ खरंच कमी होतं.

माझं घर कोलार रोडला आहे. यजमान कारखान्यात फिटर होते. अमरावतीहून नोकरीसाठी भोपाळला आले आणि इथेच राहिले. घर बांधलं तेव्हा भोवती गव्हाची शेतं होती, आता नुसत्या कॉलन्या. यजमान गेल्यावर मी खालचा मजला पुण्याच्या एका कंपनीला भाड्याने दिला. कम्प्युटरची कंपनी, नऊ पोरंपोरी. भाड्याबरोबर दुपारचं जेवण आणि चारचा चहा माझ्याकडे, असं ठरलं. कारण स्वयंपाकघर खालीच होतं आणि ते मी सोडणार नव्हते. मी सकाळी वरून खाली उतरते ती संध्याकाळीच वर चढते. मध्ये गुडघे परवानगी देत नाहीत. स्वयंपाकघराचं दार त्यांच्या हॉलमध्ये उघडतं, त्यामुळे सगळं दिसायचं, सगळं ऐकू यायचं. मी चौथी पास आहे. त्यांचं काम मला कळत नाही. पण माणसं काम करताना कशी वागतात ते कळायला चौथीसुद्धा लागत नाही.

ही पोरं रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी प्रोग्रॅम बनवायची. एकच मोठं गिऱ्हाईक, गावोगावी त्याच्या लॅब. पेशंटचं नाव लिहिण्यापासून रिपोर्ट छापण्यापर्यंत सगळं यांच्या प्रोग्रॅमवर चालायचं. काम दोन-दोन आठवड्यांच्या मुदतीने व्हायचं. त्या मुदतीला ते स्प्रिंट म्हणत. सोमवारी सगळे बसून पुण्याला सांगायचे की या दोन आठवड्यांत आम्ही एवढं करू. दुसऱ्या शुक्रवारी ते टीव्हीवर पुण्याला दाखवायचं. मला स्प्रिंट पोळ्यांवरून कळायची. पहिल्या आठवड्यात पोळ्या संपून वर मागणी यायची. दुसऱ्या बुधवारी डब्यात दहा उरायच्या, गुरुवारी वीस. शुक्रवारी कोणी कोणाशी बोलत नसे. आणि सोमवारी पुन्हा हसतखेळत नवीन कबुली.

सगळ्यात वाईट हाल फिरदौसचे. फिरदौस जुन्या शहरातली, दोन बस बदलून यायची. बाकीच्या आठ जणांनी बनवलेलं तपासणं हे तिचं काम. बाकीचे दहा दिवस आपापलं करत बसायचे आणि बुधवारी संध्याकाळी सगळं एकदम तिच्यापुढे टाकायचे. ती माझ्याजवळ येऊन म्हणायची, "काकी, इनका क्या है. बुध को फेंकते हैं, जुमेरात को मैं मरती हूँ." जुमेरात म्हणजे गुरुवार.

एकदा रिपोर्टचं दुसरं पान छापलं जाईना. लॅबवाल्याने तक्रार केली. नितीन म्हणून मुलगा आहे, त्या नऊ जणांत सगळ्यात हुशार आणि ते त्याला स्वतःला चांगलं माहीत. त्याने एका दुपारी दुरुस्ती करून ठेवली. पण ती गिऱ्हाईकाला दिली अकरा दिवसांनी. मी विचारलं, "का रे, झालंय ना?" तर म्हणाला, "काकू, या स्प्रिंटमध्ये धरलं नव्हतं." अकरा दिवस लोकांनी अर्धे रिपोर्ट घेऊन डॉक्टर गाठले असतील. गिऱ्हाईक भडकलं. पुण्याच्या मॅडम, कानिटकर त्यांचं आडनाव, त्यांनी टीव्हीवरून सांगितलं की दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक शांत झालं नाही तर भोपाळचं ऑफिस बंद. ज्यांना पुण्याला यायचं त्यांनी यावं, बाकीच्यांनी आपलं बघावं. फिरदौसचे वडील अंथरुणावर होते, ती कुठेही जाणार नव्हती. बाकीच्यांतही जाऊ शकणारे दोन-तीनच.

होळी झाल्यावर पुण्याने मुकुंदराव खरवड्यांना पाठवलं.

उंच, पाठीत वाकलेला माणूस. मूळचे नागपूरचे, वय पन्नाशीच्या पुढे. बायको आणि मुलगी नागपुरातच, मुलगी कॉलेजात. इथे साकेत नगरात एक खोली घेऊन राहायचे आणि बसने यायचे. आल्या आल्या मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. पेन्सिलीला ब्लेडने टोक करायचे आणि टरफलं कागदात गुंडाळून स्वतः टाकून यायचे. कोणाला नमस्कार नाही, कसे आहात नाही. समोर माणूस आला की, "हातात काय आहे?" मलाही तेच. मी म्हणायचे, "दिसत नाही का, झारा."

पहिले दोन आठवडे त्यांनी काहीच केलं नाही. नितीन स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "काकू, पुण्याने पुतळा पाठवलाय." खरवडे फक्त एकेकाशेजारी खुर्ची नेऊन बसायचे, हातात काय आहे विचारायचे आणि चिठ्ठीवर लिहून घ्यायचे. दुसऱ्या शुक्रवारी सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी माझ्या ओट्याशेजारच्या टेबलावर मांडल्या. टेबल भरलं, काही खाली पडल्या.

मी म्हटलं, "हे सगळं नऊ जणांचं?"

"हो. सगळं सुरू आहे. संपलेलं त्यात काहीच नाही."

"मग इतके दिवस पुण्याला दाखवतात काय?"

ते कान खाजवत राहिले. नको ते उत्तर असलं की ते कान खाजवायचे.

सोमवारी मला म्हणाले, "काकू, तुमच्या भिंतीला खिळे मारू का?" मी म्हटलं, प्लास्टर पडलं तर तुम्ही लिंपून द्यायचं. यजमानांचा खिळ्यांचा डबा आणि हातोडी काढून दिली. त्यांनी हॉलच्या लांब भिंतीवर दोरा ताणून चार रकाने केले. घ्यायचं, हातात, तपासणी, झालं. 'हातात'च्या रकान्यात चार खिळे, 'तपासणी'त दोन. एक काम म्हणजे एक चिठ्ठी, एका खिळ्याला एकच चिठ्ठी. खिळा रिकामा नसेल तर नवीन काम उचलायचं नाही. सोमवारची कबुली बंद, शुक्रवारचा टीव्ही बंद. जे काम होईल ते त्याच दिवशी गिऱ्हाईकाकडे. बाकीच्या आठ जणांनी दोघा-दोघांनी मिळून एक चिठ्ठी घ्यायची.

नितीनने विचारलं, "सर, चारच का? काही कॅल्क्युलेशन आहे का?"

"काकूंच्या डब्यात सहाच खिळे सरळ होते," खरवडे म्हणाले. "दोन फिरदौसला दिले."

पोरं हसली. त्यांना वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती, मी डबा पाहिला होता. बाकीचे खिळे वाकडेच होते.

रोज सकाळी सगळ्यांना भिंतीपुढे उभं करायचे. बसायचं नाही. आणि भिंत उजवीकडून वाचायची, म्हणजे ज्या चिठ्ठ्या संपायला आल्या आहेत त्या आधी. मी दारातून म्हटलं, "उजवीकडून वाचताय, उर्दू शिकताय का?"

फिरदौस म्हणाली, "काकी, आज पहली बार ये लोग सीधा पढ़ रहे हैं."

तेव्हा खरवडे हसले. आवाज करून हसलेले मी त्यांना एवढंच ऐकलं.

पहिला महिना सगळ्यांना जड गेला. पोरांना सोमवारची सवय होती. सोमवारी काहीतरी कबूल केलं की त्यांना काम केल्यासारखं वाटायचं. आता कबूल करायला काही नाही, रोज नुसतं भिंतीपुढे उभं राहायचं. नितीनला सगळ्यात जास्त टोचलं. एक दिवस त्याचा जोडीदार सुट्टीवर होता आणि त्याचं काम अकरा वाजता झालं. पण तपासणीचे दोन्ही खिळे भरलेले. त्यामुळे त्याची चिठ्ठी 'हातात'वरच अडकली आणि नवीन उचलता येईना.

"सर, मी पुढचं घेतो."

"खिळा आहे का?"

"नाही."

"मग फिरदौसला मदत कर."

"सर, मी इंजिनियर आहे. चेकिंग माझं काम नाही."

"बरं. मग बसून राहा."

नितीन बाहेर व्हरांड्यात झोपाळ्यावर जाऊन बसला. मुद्दाम कड्या करकरतील असे झोके घेत होता. कंपनीत प्रत्येकाला दिवसभराचे तास भरून पुण्याला पाठवावे लागायचे. याने रागाने त्यात लिहिलं, दोन तास रिकामा. कानिटकर मॅडमचा लगेच फोन. खरवडे फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"मुकुंदराव, हे काय आहे? तुमचा सगळ्यात महागडा माणूस दोन तास रिकामा?"

"बरोबर लिहिलंय त्याने."

"आणि तुम्ही काय करताय?"

"मी पण रिकामाच आहे."

झोपाळा थांबला.

खरवडे आत आले तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, "त्या पोराला बसायचा पगार का?"

ते म्हणाले, "काकू, तुमच्या तव्यावर एका वेळी किती पोळ्या मावतात?"

"एक. आणि माझ्या पोळ्यांवरून मला शिकवायला येऊ नका."

"नाही येत," म्हणाले आणि पाणी पिऊन गेले.

जेवण झाल्यावर नितीन फिरदौसजवळ जाऊन उभा राहिला. "क्या अटका है, दिखा."

तिने दाखवलं. नितीनने बनवलेली प्रत्येक गोष्ट तपासायच्या आधी तिला खोटे पेशंट बनवावे लागायचे. नाव, वय, रक्तगट, पत्ता, सगळं हाताने, तीस-चाळीस पेशंट. रोज अर्धा दिवस त्यातच जायचा.

"ये तूने बताया क्यों नहीं?"

"दो साल से बता रही हूँ खां. तू बोलता था, अगले स्प्रिंट में."

इथे कोणालाही खां म्हणतात. नितीन तिथेच खुर्ची ओढून बसला आणि तासाभरात एक बटण करून दिलं. दाबलं की शंभर पेशंट तयार. फिरदौसने ते पाच-सहा वेळा नुसतंच दाबून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तपासणीचे दोन्ही खिळे मोकळे झाले. खरवड्यांनी शाबास वगैरे म्हटलं नाही. नितीनला विचारलं, "हातात काय आहे?"

मी त्या महिन्यापासून पोळ्या मोजणं सोडून दिलं, कारण रोज सारख्याच लागायच्या. बुधवार नाही, गुरुवार नाही. फिरदौस एक वाजता सगळ्यांबरोबर बसून जेवायला लागली. आधी ती डबा उघडून तसाच बंद करायची.

पावसाळ्यात एक गडबड झाली, तीही माझ्यामुळे. हॉलच्या त्या भिंतीवर मी कॅलेंडर लावलं. घर माझं आहे, मी कोणाला विचारलं नाही. काँक्रीटचा काळा खिळा होता, हातोडीने मारला आणि कॅलेंडर टांगलं. तो खिळा नेमका 'हातात'च्या रकान्यात आला हे मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅलेंडर खिडकीच्या गजाला लटकत होतं आणि पाचव्या खिळ्याला चिठ्ठी होती. नऊच्या नऊ जणांनी मिळून केलं. पोरं चार खिळ्यांना वैतागली होती, पाचवा आयता मिळाला.

सहा दिवस खरवड्यांना पत्ता लागला नाही. प्रत्येक चिठ्ठीवर ते लावल्याची आणि काढल्याची तारीख लिहायचे आणि त्यावरून काम किती दिवसांत होतं ते बघायचे. ते दिवस वाढायला लागले. ते चिठ्ठ्या घेऊन माझ्या टेबलावर बसायचे, पुन्हा पुन्हा मांडायचे, कारण सापडेना. भिंतीसमोर उभे राहायचे आणि तरी दिसेना. मोजावं लागू नये म्हणून तर त्यांनी खिळे मारले होते, म्हणून ते खिळे कधीच मोजत नसत. डब्यात पोळ्या उरायला लागल्या तेव्हा मी पोरांना म्हटलं, आता सांगा त्यांना. कोणी सांगेना. मीही सांगितलं नाही. खिळा माझाच होता.

सातव्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

"काकू, हा काळा खिळा कुणाचा?"

"माझा. कॅलेंडरला."

"कॅलेंडर खिडकीवर आहे."

"ते मला माहीत नाही."

त्यांनी पकड घेतली आणि खिळा उपटला. भोक माझ्या परातीतल्या कणकेने बुजवलं. मी ओरडले की मुंग्या येतील, तर म्हणाले, उद्या सिमेंट आणतो. आणलंही. काळा खिळा नितीनच्या कम्प्युटरच्या बटणांवर ठेवून दिला. नितीनने तो दिवसभर तिथून हलवला नाही, खिळ्याच्या आजूबाजूने टाइप करत होता.

दसऱ्याच्या सुमारास एका सोमवारी तक्रार आली की रिपोर्टवर हिंदी नावं तुटकी छापली जातायत, काना एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. मंगळवारी संध्याकाळी दुरुस्ती गिऱ्हाईकाकडे गेली. बुधवारी लॅबवाल्याचा फोन आला. फोन स्पीकरवर. तो माणूस ओरडायची तयारी करून बसला असणार, कारण आधी मोठा श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग "ठीक है" म्हणाला आणि फोन ठेवला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. फिरदौस खुर्चीवर उभी राहिली. खरवडे आत येऊन जेवायला बसले. आधी भाजी संपवली.

"आनंद झाला नाही का?" मी विचारलं.

ते विचार करून म्हणाले, "व्हायला हवा होता."

दिवाळीआधी पुण्याचं पत्र आलं, भोपाळचं ऑफिस बंद होणार नाही. फिरदौसने घरून शीरखुर्मा करून आणला. ईद नव्हती, काही नव्हतं. म्हणाली, और क्या बनाती, यही आता है.

डिसेंबरात कानिटकर मॅडम स्वतः आल्या. भिंत पाहिली, चिठ्ठ्यांवरच्या तारखा पाहिल्या. त्यांनी खरवड्यांना विचारलं, "पुढच्या दोन आठवड्यांत काय काय देणार?" खरवडे म्हणाले, "ते नाही सांगता येणार. या खिळ्याला लागलेलं काम बहुतेक सहा दिवसांत सुटतं, एवढं सांगता येतं." मॅडमनी ते लिहून घेतलं. हुशार बाई होत्या, बोलायलाही वाईट नव्हत्या. दोन दिवस त्या हॉलच्या कोपऱ्यात बसून बघत राहिल्या. पोरं सकाळी आपणहून भिंतीपुढे उभी राहायची, उजवीकडून वाचायची, अडलेल्याला मदत करायची आणि पांगायची. खरवडे मागे उभे असायचे, बोलायचे काहीच नाहीत. जाताना मॅडम म्हणाल्या, "मुकुंदराव, एक तक्ता करून पाठवा. कोण काय काम करतं आणि तो माणूस नसेल तर काय अडेल."

तो तक्ता करायला खरवडे माझ्या टेबलावर बसले. मी मटार सोलत होते. नऊ नावं लिहून झाली. प्रत्येकापुढे दोन-तीन ओळी, फिरदौसपुढे पाच. दहाव्या जागी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन्सिल थांबली. मी चार-पाच शेंगा सोलल्या तरी पेन्सिल हलेना.

"लिहा की," मी म्हटलं.

"काय लिहू?"

"देखरेख."

"कशाची?"

"पोरांची."

"त्यांना लागत नाही."

"मग भिंतीची लिहा."

"भिंत कुठे पळून जातेय?"

मला कागद काय आहे ते कळलं होतं. त्यांनाही कळलं होतं. मी म्हटलं, "खरवडे, खोटं लिहायला तुमचं काय जातंय? सगळे लिहितात. आमच्या यजमानांच्या खात्यात तीन माणसं नुसती देखरेख करायची. तिघंही रिटायर होईपर्यंत टिकली."

"मी पण लिहिलंय काकू. चोवीस वर्षं. दर दुसऱ्या सोमवारी. एवढं होईल, तेवढं होईल. माहीत असायचं की होणार नाही, तरी लिहायचं. आधी वाईट वाटायचं. मग वाईट वाटायचं बंद झालं, आणि त्याबरोबर बाकीचंही बंद झालं. आता लिहायला गेलं की हात चालत नाही."

"मुलीचं शिक्षण राहिलंय ना?"

"दोन वर्षं."

"या वयात दुसरीकडे कोण घेईल?"

"कोणी नाही घेणार बहुतेक."

"मग घरी काय सांगाल?"

"ठरवलं नाही अजून."

मी मटारची पाटी बाजूला ठेवली. कागद माझ्याकडे ओढला आणि म्हटलं, "द्या ती पेन्सिल, मी लिहिते. माझं अक्षर वाईट आहे, पण देखरेख एवढं लिहिता येतं."

त्यांनी पेन्सिल दिली नाही. कागदही ओढून घेतला नाही. हात टेबलावर ठेवून बसून राहिले. मग मीच कागद परत सरकवला. दुसऱ्याच्या नावापुढे मी कोण लिहिणार? त्यांनी घडी केली आणि खिशात घड्याळाशेजारी ठेवली. दहावी ओळ कोरीच गेली.

आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं. टीम आता स्वतःच्या पायावर उभी आहे, म्हणून ती जागा रद्द. जानेवारीअखेर मोकळं करू. पत्रात खरवड्यांचं फार कौतुक होतं म्हणे. पोरांना ते पत्र वाचूनच कळलं. नितीन म्हणाला, "मी मॅडमशी बोलतो." बोललाही. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर नसतील तर काय अडेल, ते सांग." नितीन टीव्हीपुढून मागे फिरला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

फिरदौसने तर त्यांना तोंडावरच विचारलं, "सर, आप पागल हो क्या? कुछ भी लिख देते."

खरवडे भिंतीकडे बघत म्हणाले, "ये तीसरा वाला पाँच दिन से लटका है. किसका है?"

ती पाय आपटत गेली. पण चिठ्ठी तिनेच सोडवली.

ते गेले त्या दिवशी थंडी होती. गाडी तीनची, हबीबगंजवरून. स्टेशनचं नाव बदललं आहे, मी हबीबगंजच म्हणते. पोरांनी बारा वाजता समोसे-जिलेबी मागवायचं ठरवलं होतं, दोन शब्द बोलायचंही ठरलं होतं. अकरा वाजता लॅबचा फोन आला की एका गावात रिपोर्टच निघत नाहीत, पेशंट खोळंबलेत. सगळी पोरं फिरदौसच्या टेबलाभोवती गोळा झाली. समोसे आले ते मी झाकून ठेवले.

साडेबाराला खरवडे बॅग घेऊन आले. एकच बॅग. हॉलच्या दारात उभे राहिले. आत सगळ्यांच्या पाठी. नितीन टाइप करत होता, फिरदौस बोट लावून काहीतरी दाखवत होती, बाकीचे एकमेकांच्या खांद्यांवरून बघत होते. कोणाला कळलंच नाही ते आलेत.

मी म्हटलं, "हाक मारते."

"नको. मध्येच तुटेल."

"अहो, जाताय तुम्ही."

"पेशंट थांबलेत काकू."

दहा मिनिटं तसेच उभे. भिंतीकडे त्यांनी बघितलं नाही, पाठींकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. माझ्याही नसेल. आम्ही दोघंही तसलीच माणसं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "येतो." मी म्हटलं, "जेवून जा." म्हणाले, "उशीर होईल." मी समोसे कागदात बांधून दिले, ते त्यांनी बॅगेत ठेवले आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या. आधी एक बूट पूर्ण, मग दुसरा.

मी फाटकापर्यंत गेले. रिक्षावाला आधीच येऊन उभा होता. खरवडे बसले, पण रिक्षा सुरू होईना. त्याने चार-पाच वेळा दांडा ओढला. मग तो मागे वळून म्हणाला, "साहब, थोड़ा धक्का लगाना पड़ेगा." खरवडे उतरले. बॅग खांद्याला अडकवली, वाकले आणि ढकलायला लागले. शेजारच्या तीन घरांपर्यंत त्यांनी ती रिक्षा ढकलली. मग ती एकदम धूर सोडून सुरू झाली आणि पुढे निघाली. रिक्षावाल्याला रिक्षा थांबवायची भीती वाटली असेल, तो हळूहळू चालवत राहिला आणि हाताने या, या करत होता. खरवडे पळाले. बॅग पाठीवर आपटत होती. एक हात पुढे करून त्यांनी रिक्षाचा दांडा धरला, एक पाय आत टाकला आणि मग दुसरा ओढून घेतला.

रिक्षा मेन रोडला वळली. मागे घरात कोणीतरी ओरडलं, "निकला! रिपोर्ट निकल गया!" मी फाटक लावून घेतलं.